खरिपाआधी उघड्या रानाचा नकाशा: वापरा, पण मात्रेसाठी नव्हे

रब्बीची काढणी आटोपली की एप्रिल-मेमध्ये रान उघडे पडते. उपग्रहाला जमीन दिसण्याचा आणि मातीचा नमुना घेण्याचाही हाच काळ. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात, त्यामुळे मातीचे रंगीत नकाशे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागले आहेत. हा नकाशा नमुना कुठून घ्यावा हे चांगले सांगतो. खत किती द्यावे हे त्यावरून ठरवू नये.

उपग्रह मातीवरून परतणारा प्रकाश मोजतो, आणि प्रयोगशाळेतला वर्णपटमापकही तेच करतो. पण प्रयोगशाळेतली माती वाळवलेली आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली असते. उपग्रहाला दिसतात ढेकळांच्या सावल्या, धसकटे, पाचट आणि ओल. ओल्या मातीवरून प्रकाश कमी परततो. म्हणून अवकाळी पावसानंतरच्या चित्रात हलके रानही कसदार भासते. चिकणमातीची २२०० नॅनोमीटरजवळची अरुंद खूण प्रयोगशाळेत स्पष्ट उमटते, तर उपग्रहाच्या रुंद पट्ट्यात ती विरते. गडद रंगाचाही भरवसा नाही: दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमीच असतो. शिवाय प्रकाश वरचा पापुद्राच वाचतो आणि पिकाला मिळणाऱ्या स्फुरद-पालाशची थेट खूण त्यात नसते. उपग्रहाच्या आकड्यांना स्थानिक नमुन्यांची जोड दिली तर अंदाज सुधारतो हे खरे, पण त्यासाठीही नमुने लागतातच.

मग नकाशा हवाच कशाला, असे कोणी म्हणेल. पण एकाच गटात वर मुरमाड आणि ओढ्याकडे भारी काळी जमीन असेल, तर दोन्हींच्या एकत्र नमुन्याचा अहवाल कुठल्याच भागाला लागू पडत नाही. ही चूक नकाशा टाळतो. एका एकरात उपग्रह-चित्राचे १० मीटरचे सुमारे ४० चौकोन बसतात. बांधालगतचे सोडले तरी भाग ओळखता येतात. नांगरटीनंतरची, पाऊस नसलेल्या आठवड्यातली, दोन-तीन वर्षांची चित्रे ताडून पाहा. दरवर्षी तिथेच दिसणारा पट्टा जमिनीतला फरक मानून त्याचा नमुना वेगळा काढा. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचे ढीग टाळा. माती मिसळून चौथाई पद्धतीने अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवून पाठवा. अहवाल पेरणीआधी हाती आला, तर खताचा खर्च गरज असलेल्या भागावरच होईल.