पेपर टाकण्याआधी

पोरी, नोकरी सोडायचं पक्कं ठरलंय ना? मग साहेबांना सांगण्याआधी माझं ऐकून घे. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, पर्सोनेल खात्यात गेली. लोकांचे राजीनामे माझ्याच हातात यायचे आणि त्यांचे हिशेबही मीच काढायचो.

नोटीस दिली की माणूस एका दिवसात परका होतो. काल तुझ्यावाचून ज्यांचं अडत होतं, ते आज मीटिंगला बोलावत नाहीत. कुठे तासाभरात लॅपटॉप काढून घेतात, तर कुठे शेवटच्या दिवसापर्यंत पिळून काढतात. रीतसर निरोप देणारे मालकही असतात. आपला कोणत्या जातकुळीचा, हे तुझ्याआधी सोडून गेलेल्यांना विचार. शेवटचा पगार कधी जमा झाला? रिलीव्हिंग लेटरसाठी किती खेटे घालावे लागले? एवढं विचारलंस तरी पुरे.

पत्र देण्याआधी नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 स्वतःकडे उतरवून घे, कारण नंतर कंपनीच्या पोर्टलचं दार बंद होतं. पीएफचं पासबुक उघडून कंपनीने दरमहा पैसे खरोखर भरलेत का, तेही बघ. ऑफिसच्या कामाची एकही फाइल मात्र घरच्या मेलवर पाठवू नकोस. हिशेब अडवायला तेवढं निमित्त पुरतं.

मग तारीख ठरव. इथेच लोकांचे पैसे जातात. वार्षिक बोनस पुष्कळ ठिकाणी नोटीसवर असलेल्याला देत नाहीत, म्हणून तो खात्यात पडू दे. ग्रॅच्युइटीला सलग 5 वर्षं लागतात. दोन-तीन महिने कमी पडत असतील तर कळ काढ. दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, तोही शेवटच्या मूळ पगारावर आणि महागाई भत्त्यावर मोजलेला. ही रक्कम लहान नसते. आणि कंपनीचा मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपतो. त्यात तुझ्या आईबाबांची नावं आहेत. त्यांची वेगळी पॉलिसी आधी काढ, राजीनामा मग.

राजीनामा मेलवरच दे. दोन ओळी आणि शेवटच्या दिवसाची तारीख, बस. मनातली भडास त्यात नको. ‘लवकर सोडतो तुला’ असं साहेब प्रेमाने म्हणतील. तेवढंच मेलवर लिहून माग. नाहीतर जाताना उरलेल्या दिवसांचा पगार कापलेला दिसतो.

‘राजीनामा मंजूरच करत नाही’ अशी भीती घालतील. घाबरू नकोस. मनाविरुद्ध खासगी नोकरीत राहायला कुणालाही कोर्ट भाग पाडत नाही. पण सही करून कबूल केलेले पैसे कंपनीला मागता येतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा 3 वर्षांचा, 2 लाखांचा बाँड वैध ठरवला. तेव्हा आपण कशावर सही केली होती, ते आज रात्रीच काढून वाच. नव्या ठिकाणी मूळ सर्टिफिकेटं कुणी ठेवायला मागितली तर देऊ नकोस. जाणाऱ्याचे कागद अडवून ठेवणं ही मी पाहिलेली सगळ्यांत हलकी वागणूक. पोराची पुढची नोकरी त्यावर अडलेली असते, हे अडवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, सगळं पोच घेऊन परत कर. फुल अँड फायनलला दीड महिना लागेल, असं अजूनही सर्रास सांगतात. नव्या वेतन संहितेत मात्र सोडणाऱ्याचा पगार 2 कामकाजी दिवसांत चुकता करायची तरतूद आहे. कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर 2 महिन्यांनी तुला स्वतःलाच टाकता येते. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत मिळायला हवी. तारीख उलटली तर व्याजासकट माग, आणि लेखी माग.