वाळूमाफियावरची कादंबरी रेंगाळते कुठे?

प्रश्न: अवैध वाळूउपशावर थरारक कादंबरी लिहितो आहे. पर्यावरणाची माहिती आली की कथा थांबते. काय करावं?

उत्तर: माहिती पात्रांच्या तोंडी भाषण होऊन आली की वाचक सुटतो. ती पुरावा म्हणून येऊ द्या. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो. तो उपसला की नदीचं पात्र खोल जातं आणि काठच्या विहिरी आटतात. हे कुणी समजावून सांगायला नको. नायिकेला विहिरीतली मोटर यंदा पुन्हा खाली सोडावी लागते. भल्या पहाटे पाइप आणायला निघाल्यावर तिला कोरड्या डांबरी रस्त्यावर पाण्याची रेघ दिसते. ओली वाळू भरलेला टिपर नुकताच गेलाय. प्रकरण पळायला एवढं पुरतं.

खरं रहस्य मात्र कागदांत असतं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. पावतीवरचे ब्रास आणि हौद्यातले ब्रास जुळत नाहीत, तिथे तुमची कथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. त्याआधी मोठ्या पट्ट्याचे तुकडे पाडून मंजुरी टाळता येत असे. केवढं दमदार कथाबीज आहे हे!

खलनायक एकटा ठेकेदार नको. टिपरचे हप्ते फेडणारा गावातलाच पोरगा घ्या. त्याच्याच आईची विहीर आटू द्या.

मसुदा झाला की एखाद्या निवृत्त तलाठ्याला वाचायला द्या. पंचनाम्याची भाषा तो नीट करून देईल.