पहिल्या बर्फावरील सफर

हिवाळ्याच्या आरंभीं पहिला बर्फ पडला, कीं नॉर्वेच्या राजधानींतील, म्हणजे ऑस्लो शहरांतील, लोकांस घरांत स्वस्थ बसवत नाहीं. शहराच्या उत्तरेस नॉर्डमार्का नांवाचें विस्तीर्ण अरण्य आहे. १८९८ सालीं होल्मेनकोलेन टेकडीकडे जाणारी विजेची रेल्वे सुरू झाली, आणि १९१६ सालीं ती आणखी वर, अरण्याच्या कडेस असलेल्या फ्रोग्नेरसेतेरेनपर्यंत पोंचली. सकाळीं स्की घेऊन गाडींत बसावें, दिवसभर रानांत हिंडावें व सायंकाळीं घरीं परतावें, हा तेथील लहानथोरांचा जुना परिपाठ होय.

स्की म्हणजे बुटांस जोडावयाच्या लांब, अरुंद व पुढील टोकास वर वळलेल्या फळ्या. त्यांच्यामुळें शरीराचा भार मोठ्या जागेवर विभागला जातो. म्हणून मनुष्य भुसभुशीत बर्फांत न रुततां घसरत जाऊं शकतो. 'चिरलेलें लाकूड' या अर्थाच्या प्राचीन नॉर्स शब्दापासून हें नांव आलें आहे.

घराजवळच्या अशा सफरींचें मोल किती, हें फ्रित्यॉफ नान्सेन याच्या चरित्रावरून दिसतें. त्याचा जन्म १८६१ सालीं याच शहरानजीक झाला, व बाळपणीं तो नॉर्डमार्कांतच स्कीवर हिंडला. पुढें १८८८ सालीं पांच सोबत्यांसह त्यानें ग्रीनलंडचें हिममय पठार पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडलें. मोठ्या धाडसाची पूर्वतयारी अंगणालगतच्या रानांत झाली होती.

तथापि जवळचें रान म्हणजे निर्धोक रान, असें मात्र नव्हे. हंगामाच्या प्रारंभीं तर धोका अधिकच असतो. पहिला थर पातळ असल्यानें त्याखालीं दगड व झाडांचीं मुळें लपलेलीं असतात. डिसेंबरांत ऑस्लो येथें सूर्य जेमतेम सहा तास क्षितिजावर असतो. त्यामुळें दुपार कलते न कलते तोंच अंधार पडतो.

सर्वांत फसवीं असतात तीं सरोवरें. पाणी वरून गोठतें, म्हणून पृष्ठभाग भक्कम दिसला तरी खालीं खोल पाणी असतेंच. एका माणसास चालण्यासाठीं साधारणतः १० सेंटिमीटर घट्ट, नितळ बर्फ असावा, असें सांगतात. परंतु ओढा जेथें सरोवरास मिळतो किंवा तेथून बाहेर पडतो, तेथें वाहत्या पाण्यामुळें हा थर पातळच राहतो. शिवाय वर पडलेलें हिम पांघरुणाचें काम करून गोठण्याची क्रिया मंद करितें व कच्ची जागा दृष्टीआड ठेवितें. म्हणून जाणते लोक गळ्यांत दोन अणकुचीदार खिळे बाळगतात. पाण्यांत पडल्यास ते बर्फांत रोंवून बाहेर निघतां येतें.

नॉर्वेंत डोंगरांत जाणारांसाठीं नऊ नियम प्रसिद्ध आहेत. २०१६ सालीं त्यांची नवी आवृत्ति निघाली. कोठें जाणार तें इतरांस सांगावें, लहान सफरींतही वादळ व थंडी यांस तोंड देण्याची सिद्धता असावी, असें त्यांत सांगितलें आहे. आठव्या नियमाचा आशय असा कीं, वेळींच मागें फिरावें. त्यांत लाज नाहीं.

हा नियम भित्र्यांसाठीं आहे काय? मुळींच नाहीं. खुद्द नान्सेननें ग्रीनलंडमध्यें क्रिश्चन्सहोब येथें जाण्याचें योजिलें होतें. परंतु ऋतु मावळत चालला व वाटचाल मंदावली, असें पाहून त्यानें तो बेत सोडला आणि जवळचें गॉटहोब, म्हणजे आजचें नूक, गांठण्याचें ठरविलें. ठरलेली वाट बदलल्यानें त्याच्या कीर्तीस रतिमात्र उणेपणा आला नाहीं. उलट सहाही जण सुखरूप पोंचले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या सह्याद्रींत बर्फ नाहीं; पण आषाढांतील भरलेला ओढा आहे, शेवाळलेला कडा आहे. सुटीच्या दिवशीं अवश्य बाहेर पडा. निसर्ग हें परमेश्वराचें उघडें पुस्तक आहे. मात्र पाणी चढलेलें दिसतांच अलीकडच्या कांठावरूनच माघारें या. ओढा उद्यां उतरेल, आणि घरीं आपली वाट पाहणारें कोणी असतें.