कपड्यांवरील डाग

लग्नसराईत लुगड्यावर हळद सांडली की घरातील बाई प्रथम साबणाकडे धावते. साबण लागताच डाग तांबडा होतो आणि लुगडे वाया गेले असे तिला वाटते. ते गेलेले नसते. हळदीतील रंगद्रव्य क्षाराने तांबडे व आम्लाने पुन्हा पिवळे होते. शाळेतील लिटमस कागदासारखाच हा प्रकार. साबण धुऊन काढावा व ओले कापड कडक उन्हात घालावे. हा रंग उन्हापुढे टिकत नाही. एका उन्हाने न गेल्यास पुन्हा भिजवून वाळवावे.

रक्ताच्या डागाला मात्र गरम पाणी कधीही लावू नये. रक्तातील प्रथिने अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे गोठून धाग्याला धरून बसतात. थंड पाणी, चिमूटभर मीठ, आणि तेही ताबडतोब. खिळ्याचा गंज लिंबू व मीठ लावून उन्हात ठेवल्यास सुटतो. रंगीत कापडाचा आतला कोपरा मात्र आधी तपासावा.

लिंबू, रिठे, ऊन हे सारे एका डागापुढे हरतात, तो म्हणजे बिब्ब्याचा. बिब्ब्याचे झाड आपल्या आदिलाबादच्या जंगलात आहे. धोबी कपड्यांवर खुणा करीत त्या याच रसाने. वर चुना लावला की खूण काळी व पक्की होई. ती घासत बसल्यास कापडच विरते. शिवाय कच्च्या रसाने कातडीवर फोड येतात, म्हणून मुलांना बिब्बा हाताळू देऊ नये. ज्या मुलाजवळ शाळेचा एकच सदरा आहे, त्याच्या आईने अशा डागावर कशिद्याचे फूल भरावे व त्याला वेळेवर शाळेत धाडावे.