शितावरून भाताची परीक्षा

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु साऱ्या देशातील मुलांचे शिक्षण कितपत शिजले आहे, हे पाहण्यासाठीही हीच युक्ती वापरतात, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. विशेष म्हणजे त्या पातेल्यातले एक शीत मी स्वतः होते. या पाहणीची ओळख करून द्यावी, तिचे गुणदोष पाहावेत आणि ती कशी सुधारता येईल याविषयी माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सुचवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिवस होता १२ नोव्हेंबर २०२१. मी दहावीत होते. करोनामुळे बराच काळ बंद राहिलेली आमची शाळा नुकतीच कोठे सुरू झाली होती. त्यात एस. टी.चा संप. वाडीवरून आम्ही चालतच शाळेत पोचलो. बाहेरून आलेल्या अन्वेषकांनी हजर मुलांमधून काहींची निवड केली. त्यात माझे नाव निघाले. मला फार अभिमान वाटला. गोल काळे करायची उत्तरपत्रिका मी प्रथमच हातात धरली होती.

घरी आल्यावर आण्णांनी विचारले, "पेपर कसा गेला?" आण्णा दुसरीपर्यंत शिकलेले. आमच्या घरात त्यापुढे गेलेली मी पहिलीच. पुढे कित्येक महिने ते विचारत राहिले, "तुझ्या त्या दिल्लीच्या परीक्षेचा निकाल कधी हाय गं?" निकाल आलाच नाही. मी नापास झाले म्हणून कळवले नसावे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

पाहणी कशाची?

आज मी आण्णांना उत्तर देऊ शकते. ती परीक्षा माझी नव्हतीच. तिचे नाव राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. एन. सी. ई. आर. टी. ही संस्था २००१ पासून अशा पाहण्या करीत आली आहे. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी ती प्रथमच जिल्हा हा घटक धरून देशभर एकाच दिवशी झाली. २०२१ साली तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी या इयत्तांतील सुमारे ३४ लाख मुले तिला बसली.

दहावीच्या बोर्डाची परीक्षा मुलाचे माप घेते, म्हणून तिला प्रत्येकाने बसावे लागते. सर्वेक्षण शाळांच्या व्यवस्थेचे माप घेते. त्यासाठी सर्व मुलांची गरज नसते, नीट निवडलेला नमुना पुरतो. शिवाय सर्व मुलांना एकच प्रश्नपुस्तिका देत नाहीत. प्रश्न वेगवेगळ्या पुस्तिकांत वाटतात आणि काही प्रश्न समान ठेवतात. त्यामुळे एका मुलाला थकवा न येता अभ्यासक्रमाचा मोठा भाग तपासून होतो. पण म्हणूनच एकट्या मुलाला गुण देता येत नाहीत. आण्णांचा निकाल आला नाही याचे कारण हे.

मे २०२२ मध्ये अहवाल निघाला. ५०० पैकी राष्ट्रीय सरासरी तिसरीच्या भाषेत ३२३ होती, तर दहावीच्या गणितात २१६. त्याच अहवालात आणखी दोन आकडे मला भेटले. ४८ टक्के मुले शाळेत पायी जातात आणि २४ टक्के मुलांच्या घरी मोबाइल, संगणक यांपैकी काहीच साधन नाही. पायी जाणाऱ्यांत मी होते, हे वाचून त्या कोरड्या पानाशी माझे नाते जुळले.

शीत कोठले?

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. माझ्या बाकावर एक मैत्रीण बसत असे. तिला अक्षरे ओळखता येत, पण धडा सलग वाचता येत नसे. दहावीपर्यंत ती कशी आली, हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही आणि व्यवस्थेलाही विचारला नाही. सर्वेक्षणाच्या आदल्या दिवशी तिला सांगण्यात आले, "तू उद्या नाही आलीस तरी चालेल." तिला सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मी आजही म्हणत नाही. शाळेचे नाव खाली जाऊ नये, एवढीच काळजी असावी. पण त्या दिवशी देशाने आमच्या वर्गाची सरासरी काढली आणि तीत ती नव्हती. पुढे दहावी नापास होऊन तिने शाळा सोडली.

माझी आई भात तपासताना वरचे शीत घेत नाही. पळी तळापर्यंत नेते, कारण कच्चेपणा कोठे राहतो हे तिला ठाऊक असते. वरवरची शिते दाबून भात झाला म्हणणाऱ्याच्या घरी कच्चा भात जेवावा लागतो.

ही शंका माझी एकटीचीच नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी ग्रामीण भागात होते. तिचे कार्यकर्ते घरी जातात आणि एकेका मुलाकडून मोठ्याने वाचून घेतात. शाळेत न आलेले मूलही तिथे सापडते. २०२४ च्या 'असर'मध्ये पाचवीतील ४८.७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२१ साली जॉन्सन आणि पराडो या अभ्यासकांनी दोन्ही प्रकारच्या आकड्यांची तुलना केली, तेव्हा सरकारी सर्वेक्षणातील राज्यांच्या सरासऱ्या बऱ्याच चढ्या आढळल्या. अर्थात 'असर' मुख्यतः वाचन आणि साधे गणित पाहते. विज्ञान, समाजशास्त्र यांसाठी शाळेतली पाहणी हवीच. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक मुद्दा. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून गोल काळे केले तरी सरासरीने चारांतले एक उत्तर बरोबर येते. म्हणजे २५ टक्के हे जवळजवळ शून्यच समजावे. हे ध्यानात ठेवून पुढचा आकडा वाचावा.

माप बदलले तर?

४ डिसेंबर २०२४ रोजी नव्या रूपातील 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झाले. सुमारे २१ लाख मुले त्यात होती. नववीच्या गणिताची सरासरी ३७ टक्के निघाली. इयत्ता आता तिसरी, सहावी आणि नववी आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातील टप्पे त्या त्या इयत्तेच्या आधी संपतात, म्हणून हा बदल सकारण आहे. गुणही ५०० पैकी न देता टक्क्यांत दिले आहेत. परंतु २०२१ पेक्षा आपण पुढे गेलो की मागे आलो, हे आता सरळ कसे सांगावे? पायलीने मोजलेले धान्य पुढच्या वर्षी किलोने मोजले, तर पीक वाढले की घटले हे शेतकऱ्याला कसे कळेल?

अमेरिकेला हा धडा १९८६ साली मिळाला. तेथील राष्ट्रीय पाहणीत नऊ आणि सतरा वर्षांच्या मुलांचे वाचन एकाएकी घसरलेले दिसले. शोध घेता कळले की, पुस्तिकेतील प्रश्नांची जागा आणि वेळ यांत केलेल्या लहानसहान बदलांमुळे बरीचशी घसरण दिसत होती. १९८८ मध्ये जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी वापरून त्यांनी खात्री करून घेतली. सुधारणा करूच नये असे नव्हे, तर जुने माप काही काळ सोबत ठेवावे, हा त्यातील बोध.

काय करावे?

माझ्या मते चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, मुलांची निवड हजर मुलांतून न करता पटावरून व्हावी आणि निवडलेले मूल गैरहजर असेल तर अन्वेषकाने पुन्हा यावे. दुसरी, लहान इयत्तांत काही मुलांकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे. तिसरी, काही प्रश्न आणि निदान एक इयत्ता दर फेरीत तीच राहावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, निष्कर्ष सोप्या मराठीत शाळेपर्यंत आणि पालकांपर्यंत यावेत, पण त्यावरून कोणत्याही शाळेची नाचक्की होऊ नये. भीती असली की कच्ची शिते लपवली जातात, आणि ती लपली की पाहणीला अर्थच उरत नाही.

परवा सुट्टीत घरी गेले तेव्हा आण्णांना हे सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग तुझ्या त्या मैत्रिणीचं माप कुणी घेतलं?"

त्यांना दुसरीपर्यंतचे शिक्षण आहे. पण माझ्या या लेखात जे सांगायला इतकी पाने लागली, ते त्यांनी एका प्रश्नात विचारले. या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी पाहणी आपल्या देशात व्हावी, एवढीच इच्छा.

— द्वितीय वर्ष, कला