फोन तोच, वीज मात्र घरची

लँडलाइन काढून इंटरनेटवरचा फोन घ्यायचा म्हटलं की चौकशी दोनच गोष्टींची होते: महिन्याचं भाडं किती आणि स्पीड किती. फसगत होते ती तिसऱ्या, न विचारलेल्या प्रश्नावर. या फोनला वीज कोण देणार? हमरस्ता, रेल्वे स्टेशन, मधुकरनगरचा साखर कारखाना आणि चहूकडे ऊस, अशा दौंड तालुक्यातल्या पाटससारख्या गावात हा प्रश्न भाड्याच्या आणि स्पीडच्या आधी यायला हवा. इंटरनेटचा फोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. बऱ्याच बाबतींत तो जुन्याहून सरस आहे. पण जुन्याच्या जागी आलेला तसलाच फोन समजून जो तो घेतो, त्याच्या अंगावर नकळत एक काम येऊन पडतं. इतकी वर्षं ते काम एक्स्चेंज करत होतं.

जुन्या फोनची वायर भिंतीतल्या लाइटच्या प्लगात कधीच जात नव्हती, हे आपण रोज पाहूनही त्याचा विचार केला नाही. तांब्याच्या ज्या दोन तारा बोलणं नेत, त्याच तारांतून फोनला वीजही मिळे. एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे 24 सेल एकापुढे एक जोडलेले असत. त्यातून तयार होणारा 48 व्होल्टचा दाब थेट आपल्या घरातल्या उपकरणापर्यंत पोचे. घंटी वाजवण्यासाठी लागणारा जास्त दाबाचा प्रवाहही तिथूनच सुटे. मुख्य वीज गेली की हे सेल भार घेत, सेल उतरू लागले की डिझेल जनरेटर. म्हणजे घरातल्या फोनला लाइट गेल्याचं कळतच नसे. सी-डॉट ही सरकारी संस्था 1984 मध्ये उभी राहिली आणि तिनं खेड्यांसाठी छोटी एक्स्चेंज बनवली, तेव्हा ती वातानुकूलनाशिवाय, उन्हाळ्यात आणि धुळीत चालावीत हे आधी ठरवलं गेलं होतं. गावाकडची वीज कशी असते, हे आखणाऱ्यांना ठाऊक होतं. पुढे भारनियमनाच्या काळात पंखा बंद, मोटार बंद, पिठाची गिरणी बंद आणि फोन मात्र चालू, हे दृश्य दौंड तालुक्यात इतकं नेहमीचं झालं की ‘फोनला लाइट लागत नाही’ अशीच समजूत पक्की झाली. लाइट लागतच होती, फक्त तिची काळजी दुसरं कुणी घेत होतं.

फायबरमध्ये हा हिशेब उलटा होतो. काच प्रकाश नेते, वीज नेत नाही. घरात जो पांढरा किंवा काळा डबा बसवतात, तो प्रकाशाचं रूपांतर आवाजात आणि इंटरनेटमध्ये करतो, आणि आपला जुना फोन त्याच्याच मागच्या भोकात जोडला जातो. डबा चालतो 12 व्होल्टच्या छोट्या अडॅप्टरवर. अडॅप्टरची लाइट गेली की डबा मेला, डबा मेला की फोन मेला. उपकरण तेच असतं, नंबरही कदाचित तोच, टेबलावरची जागाही तीच. म्हणून घरातल्या वयस्कर माणसाला यात काही बदललंय असं वाटत नाही. रात्री दोनला लाइट गेलेली असताना तो रिसीव्हर उचलतो, तेव्हा कानाला काहीच लागत नाही.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ हे उत्तर लगेच येतं. असू द्या, पण तो नेमका कशाला जोडलाय ते बघा. आपल्याकडे इन्व्हर्टरची लाइन बहुधा दिवे, पंखे आणि फार तर एखाद्या प्लगापर्यंत ओढलेली असते. डबा मात्र बसवणारा माणूस बसवतो टीव्हीच्या मागे, कारण केबल तिथवर आधीच आलेली असते; आणि टीव्हीचा प्लग बऱ्याच घरांत इन्व्हर्टरवर नसतो. एवढ्याशा कारणानं दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी घरात भरलेली असून फोन बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर आकडेमोड सोपी आहे. असा डबा साधारण 10 ते 12 वॅट खातो. 12 व्होल्टची सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी 84 वॅट-अवर धरते. गळती वजा केली तरी पाच-सहा तास निघतात. राउटरसाठी बाजारात मिळणारा लहान बॅकअप याच्यापेक्षा कमी चालतो, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची ताकद घटते. गावठाणात लाइट तासा-दोन तासांत परत येत असेल तर तेवढा पुरेल. मळ्यातल्या वस्तीवर, जिथं वादळात पडलेला खांब उभा राहायला दोन दिवस लागू शकतात, तिथं हे गणित वेगळं करावं लागेल.

घरातला डबा जागा ठेवला म्हणजे काम झालं असंही नाही. फायबर पुढे कुठं जातं, हे विचारायला हवं. चांगल्या मांडणीत एक्स्चेंज आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. एकाच धाग्यातला प्रकाश काचेच्याच फाट्यांनी 32 किंवा 64 घरांत वाटला जातो, आणि 20 किलोमीटरपर्यंत हे सुखानं चालतं. पण स्थानिक केबलवाल्यानं वाटेत खांबावर किंवा कुणाच्या दुकानात विजेवरचा स्विच ठेवला असेल, तर त्या दुकानाची लाइट गेली की तुमचा फोन जातो, तुमच्या घरात दिवे जळत असले तरीही. म्हणून जोडणी देणाऱ्याला सरळ विचारावं: तुमचं मुख्य यंत्र कुठं आहे, त्याच्यामागे बॅटरी किती तासांची, जनरेटर आहे का, आणि मधे विजेवरचं काही आहे का? ज्याला याचं उत्तर देता येत नाही त्याचं भाडं कितीही कमी असो, त्याच्यावर फोनची भिस्त ठेवू नये. इंटरनेट हवं तर घ्यावं. केबल रस्त्यावरून किती उंचीवर नेली आहे तेही डोळ्यांनी पाहून घ्यावं. गाळप हंगामात उसानं शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या ज्या गावातून जातात, तिथं सैल लोंबणारी केबल फार दिवस टिकत नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: तांब्याची लाइन तरी कुठं चालत होती? हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो खरा आहे. पावसात जोडांत पाणी शिरून होणारी खरखर, रस्त्याच्या कामात तुटलेल्या केबली, तक्रार नोंदवल्यावरची लांबलचक वाट, हे सगळं ग्राहकांनी भोगलंय. त्यामागचं एक कारण आकड्यांतही दिसतं. 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलमधून 78 हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले, म्हणजे निम्म्याहून जास्त. कोणत्या चेंबरमध्ये कोणाची जोडी कुठं जोडली आहे हे ज्यांच्या डोक्यात होतं, त्यांतले पुष्कळ त्यात गेले. तांब्याचं जाळं नकाशापेक्षा माणसांच्या आठवणीवर जास्त चालतं. ऑगस्ट 2022 मध्ये लँडलाइन जोडण्यांच्या संख्येत जिओनं बीएसएनएलला मागे टाकलं, आणि बीएसएनएल स्वतःही ग्राहकांना फायबरवर नेत आहे. काचेला पाणी लागत नाही, आणि तांब्याच्या तारेतून घरात शिरून उपकरण जाळणारी वीज काचेतून येत नाही. तेव्हा जुन्याला कवटाळून बसा असा सल्ला देण्यात काही अर्थ नाही. पण जुनी लाइन कधी बंद पडायची आणि नवी कधी बंद पडेल, यात फरक आहे. जुनी पावसानं आणि खोदकामानं जायची, लाइट जाण्याशी तिचा संबंध नव्हता. नवी नेमकी लाइटीबरोबर जाते, म्हणजे वादळात, आगीत, शॉर्टसर्किटमध्ये. फोनची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा.

‘मोबाइल असताना हे सगळं कशाला’ हा दुसरा आक्षेप. बहुतेक दिवशी तो बरोबर आहे. पण टॉवरलाही वीज लागते आणि त्याचीही बॅटरी तासांत मोजली जाते. मोठ्या खंडात दोन्ही थोड्याफार अंतरानं बसतात. दुसरं म्हणजे टॉवरची जागा मोजकी असते. संत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसवरून रोटी घाटाकडे निघते, त्या दिवशी एका रस्त्यावर किती मोबाइल असतात याचा अंदाज करा. गर्दी वाढली की टॉवर कुणाला आत घेतो, कुणाला नाही; तारेच्या किंवा धाग्याच्या फोनला ही रांग लागत नाही. शिवाय पतसंस्था, दवाखाना, खताचं दुकान अशा ठिकाणी फोन एका माणसाचा नसतो, जागेचा असतो. मालक पुण्याला गेला म्हणून दवाखान्याचा नंबर त्याच्या खिशातून पुण्याला जाऊन कसं चालेल?

इंग्लंडनं हा अनुभव आपल्या आधी घेतला, म्हणून त्याचा उल्लेख करतो. तिथल्या बीटी या कंपनीनं घराघरांतले फोन इंटरनेटवर न्यायला सुरुवात केली, वादळांत वीज गेल्यावर लोकांची संपर्काची गैरसोय समोर आली, आणि मार्च 2022 मध्ये कंपनीला ते काम काही काळ थांबवावं लागलं. जुनं जाळं पूर्ण बंद करण्याची तारीख 2025 च्या अखेरीवरून जानेवारी 2027 वर ढकलली गेली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची मदतीची घंटा जुन्या तारेवर चालत होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. अमेरिकेत दूरसंचार आयोगानं 2015 मध्ये कंपन्यांना सांगितलं की ग्राहक मागेल तर आधी आठ तासांची आणि तीन वर्षांत 24 तासांची बॅटरी विकत मिळण्याची सोय हवी. दोन्हीकडे वीज सुरळीत असताना ही काळजी घ्यावी लागली. आपल्याकडे ती ग्राहकानं स्वतः घ्यायची आहे, एवढाच फरक.

तातडीच्या फोनचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण शेजारी कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे आणि तिथं आगी लागलेल्या आहेत. महाराष्ट्रात 112 चा फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, यवत किंवा दौंडच्या ठाण्यात नाही. उचलणाऱ्याला पाटस माहीत असेलच असं नाही. घरात बसवलेल्या फायबरच्या फोनला निदान नोंदलेला पत्ता असतो. मोबाइलमधल्या ॲपवर चालणारा इंटरनेट फोन मात्र कुठूनही लागतो, आणि नंबरावरून माणूस कुठं आहे हे ठरवता येत नाही. (अमेरिकेनं 2005 मध्येच इंटरनेट फोनवाल्यांना ग्राहकाचा पत्ता घेऊन ठेवायला भाग पाडलं, ते याचसाठी.) म्हणून गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची ठळक खूण, या क्रमानं बोलायची सवय घरातल्या प्रत्येकाला असावी. आपल्या गावाच्या नावातच एक गंमत आहे. जुन्या फोनची आवाजाची पट्टी साधारण 3400 हर्ट्झला संपते आणि ‘स’चा बराचसा आवाज त्याच्या वर असतो, त्यामुळे ‘पाटस’मधला शेवटचा स नेहमीच अर्धा ऐकू जायचा. इंटरनेट अडखळलं तर तो पूर्णच गळतो, आणि ऐकणारा आपल्या मनानं सातारा जिल्ह्यातलं पाटण लिहून घेऊ शकतो. ‘दौंड तालुका’ म्हटल्यावर हा घोळ राहत नाही.

नंबराचं प्रकरण लहान असलं तरी त्यात चूक झाली तर ती सुधारता येत नाही. कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवायची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे, पण ती मोबाइलपुरती. लँडलाइनचा 02117 चा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही. त्याच कंपनीच्या फायबरवर गेलात तर तो राखता येतो, मात्र अर्जात तसं लिहून द्यावं लागतं. ‘जुनं बंद करा, नवं द्या’ असे दोन अर्ज दिलेत तर वीस-पंचवीस वर्षं पावत्यांवर आणि लग्नपत्रिकांवर छापलेला नंबर हातचा जातो. दुसऱ्या कंपनीकडे जायचंच असेल तर दोन-तीन महिने दोन्ही जोडण्या ठेवाव्यात. दुहेरी भाडं जड वाटतं, पण बँक, गॅस एजन्सी, शाळा आणि नातेवाईक यांच्याकडे नवा नंबर पोचायला तेवढा काळ लागतोच. जुनी जोडणी बंद करताना अनामत रक्कम मागायला विसरू नये, आणि शेवटचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून जपून ठेवावं. घरात दोन-तीन फोन समांतर जोडलेले असतील तर ते सगळे नव्या डब्यावर वाजतील याची खात्री नसते, आणि चकती फिरवायचा जुना फोन अशा बऱ्याच डब्यांना कळतच नाही.

जोडणी देणारा माणूस घरात असतानाच, सही करण्यापूर्वी, मीटरजवळचा मुख्य स्विच खाली ओढायला सांगा. मग मोबाइलवरून स्वतःच्या नव्या फोनला रिंग द्या, आणि त्या फोनवरून बाहेर फोन लावा. वाजला तर पुढच्या रविवारी पुन्हा स्विच बंद करून किती तास वाजत राहतो ते घड्याळावर मोजा आणि तो आकडा डब्यावरच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी परत मोजा, बॅटरी म्हातारी होते. आणि अडॅप्टरच्या पिनेवर लाल चिकटपट्टी लावा. कारण बॅटरी, इन्व्हर्टर, जनरेटर सगळं नीट असलं तरी पाहुण्यांपैकी कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला जागा शोधत येतोच, आणि सगळ्यात आधी तीच पिन काढतो.