दुकानाचा रॅक आणि भाचीची दहावीची मराठी

मागच्या व्हिडिओत आपण डेड स्टॉक बघितला. आज त्याचाच घरातला किस्सा सांगतो, कारण यात चूक माझीच आहे.

माझी भाची सोळा वर्षांची. बहिणीच्या आजारपणात तिची शाळा सुटली. आता ती जालन्यात आमच्याकडे राहते आणि १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून, घरूनच दहावी करतेय. माझं स्टेशनरीचं दुकान. म्हटलं, आपल्याला पुस्तकांची काय कमी? माळ्यावर पडलेली मराठीची तीन गाइडं तिला काढून दिली.

महिन्याभरानं तिनं एक धडा घडाघडा म्हणून दाखवला. मी पाठ्यपुस्तक उघडलं, तर त्यात तो धडाच नाही! दहावीचं पुस्तक २०१८ ला बदललं आणि गाइड त्याच्या आधीचं. जे गिऱ्हाईकानं घेतलं नाही, ते मी घरच्या पोरीच्या गळ्यात मारलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मामा, माझा महिना गेला ना."

त्या रात्री शटर ओढल्यावर आम्ही दोघं बसलो आणि दुकान लावतो तसा तिचा अभ्यास लावला.

१. आधी मागणी बघा, मग जागा द्या. कुमारभारतीचा लेखी पेपर ८० गुणांचा. गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. सगळ्यात जास्त गुण उपयोजित लेखनाला, आणि नेमकं त्याचंच तिच्याकडे एक पान नव्हतं! जो माल जास्त खपतो तो गल्ल्याजवळ ठेवतो ना आपण? मग इथे उलटं का?

२. एका खणात एकच माल. पाच विभागांच्या पाच फायली केल्या. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर त्यातले पाठ आणि समोर गुण. 'उत्तमलक्षण' पद्याच्या फाइलमध्ये, 'आप्पांचे पत्र' गद्याच्या. कुठलाही कागद दहा सेकंदांत सापडला पाहिजे.

३. एक्सपायरी तपासा. प्रत्येक पुस्तकावर आवृत्तीचं वर्ष लिहिलं. जुनी गाइडं सरळ रद्दीत. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. आधी ती घ्या, तिच्याशी ताडून बघा, मगच गाइडवर पैसे घाला.

४. वाचलेलं म्हणजे खरेदी, लिहिलेलं म्हणजे विक्री. माल भरला म्हणून धंदा झाला, असं होत नाही. रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहायचं, वहीत तारीख टाकायची. आठवड्याला हिशोब: कुठल्या फाइलचं किती लिहून झालं?

५. थोडा माल आपला स्वतःचा हवा. 'उत्तमलक्षण' ही समर्थ रामदासांची रचना, आणि त्यांचं जन्मगाव जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात. एका रविवारी तिला तिथे घेऊन गेलो. परत आल्यावर तिनं अर्धं पान लिहून फाइलला लावलं. ते कुठल्या गाइडात मिळणार?

आता तुमच्या कामाचं. उपयोजित लेखनात काय येतं? मागणीपत्र, जाहिरात, बातमी. अहो, हाच तर आपला धंदा आहे! सरावासाठी तिनं आमच्या वह्यांची जाहिरात लिहिली, ती मी दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवली. मी बीबीए केलं, पण इतकी सुटसुटीत जाहिरात मला आजवर जमली नव्हती.

भोकरदन, मंठा, परतूर, कुठेही जा, १७ नंबरवाली मुलं आहेत. त्यांना अशा फायली लावून देणं, लिहिलेली उत्तरं तपासून देणं, हा कमी भांडवलाचा धंदा होऊ शकतो. फक्त एक पथ्य पाळा: गाइडच्या झेरॉक्स काढून विकू नका, तो कॉपीराइटचा भंग आहे. पैसे घ्यायचे ते आपल्या मेहनतीचे.

भाचीची परीक्षा अजून व्हायची आहे, त्यामुळे निकालाच्या बढाया मारत नाही. पण आता ती "काय वाचू?" असं विचारत नाही, सरळ फाइल काढून लिहायला बसते.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानात, नाहीतर घरात, सगळ्यात जास्त जागा कोणत्या मालानं अडवलीय आणि सगळ्यात जास्त कमाई कोण देतं, ते दोन रकान्यांत लिहा. उत्तरं वेगळी आली, तर उद्या सकाळी रॅक बदला.